हाकेवाचून होकार

मालगुंडच्या वरच्या अंगाला, जिथे शेवटचं कलम संपतं आणि उघडा कातळ सुरू होतो, तिथे दर रविवारी जत्रा भरे. जत्रा म्हणावी तर खाज्याचं दुकान नव्हतं, पाळणा नव्हता, पोरंटोरं नव्हती. सगळे म्हातारे. काठी टेकणारे, कानाला मफलर गुंडाळलेले, घटकाभर बसून मांडवामागच्या आडोशाला जाऊन येणारे. जाताना कुणी कुणाकडे बघत नसे, येतानाही नसे. कुणी गुहागरहून खाडी ओलांडून आलेलं, कुणी रत्नागिरीहून रिक्षा करून, कुणी एसटीच्या मागच्या बाकावर हाडं खिळखिळी करून घेत. त्यांच्या बायका मागे चटईवर, पदर डोक्यावर घेऊन, उन्हाकडे बघत बसलेल्या.

मांडवाच्या तोंडाशी आंब्याच्या डहाळ्या नव्हत्या. तिथे तोरण होतं ते रक्ततपासणीच्या रिपोर्टांचं. प्लास्टिकात घातलेले, सुतळीत ओवलेले. पुरुषाच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते. तिच्यातून एक द्रव्य रक्तात उतरतं, त्याला पीएसए म्हणतात. त्या ग्रंथीत कॅन्सर वाढला की त्याचा आकडा बहुधा चढतो. तोरणातल्या प्रत्येक कागदावर आधीचा आकडा लाल शाईत आणि नंतरचा हिरव्या. आणि हिरवा प्रत्येक आकडा लालहून धाकटा. तोरणाच्या मधोमध, नारळ टांगावा तसा, खालच्या वाडीतल्या श्रीपतीचा रिपोर्ट टांगला होता. आधी आकडा शेकड्यात. नंतर शून्य, टिंब आणि टिंबापुढे काहीतरी किरकोळ.

"सगळा खेळ सिग्नलचा आहे," मांडवातले महाराज सांगत. भगवं नाही, माळा नाहीत. पांढरा शुभ्र झब्बा आणि खिशाला पेन. "तुमच्या मोबाइलला तार दिसते का? नाही दिसत. तरी पोरगा दुबईतून बोलतो की नाही? तसंच आहे हे. तुमच्या पेशींना वरून उलटा सिग्नल येतोय, वाढा, वाढा, वाढा. डॉक्टर काय करतो? मोबाइल फोडतो. मी काय करतो? टॉवरच बंद करतो." मग दोन बोटांची कात्री करून ते हवेत काहीतरी कापत. "कच्. आणि तेही तुमच्या पुरुषार्थाला धक्का न लावता."

ह्या बोलण्यामुळेच गावाने त्यांचं नाव बिनतारी महाराज ठेवलं होतं. तोंडावर अर्थात कुणी म्हणत नसे.

भाषण झालं की सगळ्यांनी अंगातलं काढायचं, महाराजांनी छातीला भस्म चोळायचं, आणि दमयंतीताई नावाच्या बाईंनी राखेच्या पिंपातून भरलेल्या पुढच्या आठवड्याच्या पुड्या वाटायच्या. पुडीतलं भस्म रोज सकाळी मधातून पोटात घ्यायचं. पण त्याआधी गाऱ्हाणं. कोकणात देवाला एकट्याने मागत नाहीत. एकजण सगळ्यांच्या वतीने हाक घालतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार भरतात. मांडवात ही हाक श्रीपतीची.

तो उठे, कमरेवर एक हात ठेवून कातळाकडे तोंड करी, आणि त्या वाळक्या देहातून असा आवाज निघे की खालच्या वाडीतली कुत्री कान टवकारत.

"बा म्हाराजा, कातळाच्या राखणदारा."

"व्हय म्हाराजा," सगळा मांडव म्हणे.

"आज तुझी थकलीभागली लेकरं तुझ्या पायाशी गोळा झालीत."

"व्हय म्हाराजा."

"कुणाची वाट अडली असंल, कुणाच्या हाडात काटा रुतला असंल, तो काढून सात समुद्राच्या पल्याड टाक."

"व्हय म्हाराजा."

एवढ्या होकारांनी श्रीपतीचा ऊर भरून येई. आठवडाभर त्याला दुसरा कुणी होकार देत नसे.

*

त्याचं घर खालच्या वाडीत होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे थोडी कलमं. बायको, उमा, गेली तेव्हापासून घरात आवाज करणाऱ्या वस्तू दोनच, फ्रीज आणि समुद्र. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा होता, पण वाडी मुंबईला गेलेली. शिमग्याला आणि गणपतीला माणसं यायची, तेव्हा देऊळ घुमायचं. एरवी त्याने हाक घातली की गुरव एकटा पुटपुटे, आणि वरून एखादं वटवाघूळ जागा बदले. उमा जात्यावरच्या जुन्या चालीत एक ओवी म्हणायची:

हाकेला हाक दे, माणूस माणसाला,
कोरड्या कातळाला, पाझर ये.

आता ती ओवी त्याच्या मनात अर्धीच वाजे. दुसरी ओळ म्हणायला कुणी नव्हतं.

आणि हा आजार तरी कसा, तर कुणाला सांगता न येणारा. ताप आला, पाय मोडला, तर माणसं चौकशीला येतात. लघवीला उभं राहिलं की भिंतीला डोकं टेकून वाट बघावी लागते, हे कुणाला सांगायचं? पुण्याला असलेली मुलगी, सानिका, रविवारी संध्याकाळी फोन करी.

"बाबा, तब्येत?"

"गुडघा."

"गेल्या वर्षीपासून गुडघाच सांगताय. दाखवा ना कुणाला."

"दाखवतो."

पोटच्या पोरीला ह्याहून वेगळं काय सांगावं, आणि कुठल्या शब्दात, ते त्याला सापडत नव्हतं.

रत्नागिरीच्या डॉक्टर नीरजाबाईंनी सुया घालून तपासलं होतं तेव्हा त्या सरळ बोलल्या होत्या. कॅन्सर आहे, हाडात थोडा उतरलाय, पुरुषी हार्मोन बंद करायची इंजेक्शनं घ्यावी लागतील. श्रीपतीला त्यातलं शेवटचंच ऐकू आलं. आयुष्यातलं एकेक गळून पडलं, आणि आता हेही बंद करा म्हणतात. "पुढल्या आठवड्यात येतो," असं म्हणून त्याने पिशवी उचलली आणि तो परत फिरकलाच नाही.

त्याच सुमारास एसटी स्टँडवर लवू भेटला. लवू जन्मभर मच्छीमार बोटींवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, होता. लग्न केलं नाही, कारण विचारलं की म्हणे, "दर्यानं सुट्टी दिली नाय." श्रीपतीच्या हातातली रिपोर्टांची पिशवी बघून तो जवळ सरकला.

"कंबरेखालचं?"

श्रीपतीने पिशवी पाठीमागे लपवली.

"अरे श्रीपा, मलाही तेच. इतके दिवस वाटत होतं, अख्ख्या कोकणात मी एकटाच."

लवूने त्याला कातळावर नेलं. तिथे श्रीपतीला पहिल्यांदा कळलं की ह्या दुखण्यालाही थट्टा असते. भस्माची वाट बघत बाकड्यावर बसलेले म्हातारे एकमेकांना विचारत, "काय धार कशी?" लवू म्हणे, "धार कसली, पागोळी. तीसुद्धा पाऊस थांबल्यावरची." सगळे हसत, आणि हसताना दोघंतिघं घाईघाईने आडोशाला पळत. श्रीपती भस्मासाठी गेला हे खरं, पण टिकला तो त्या बाकड्यासाठी.

त्यात आकडा उतरला. मग तर शंकेला जागाच उरली नाही. वर्षभर तो मांडवाचा नारळ होऊन राहिला.

मधल्या काळात एक गोष्ट घडत होती, जिच्याबद्दल बाकड्यावरही कुणी बोलत नव्हतं. भस्म चोळताना म्हातारे कळवळत. छाती हुळहुळी झाली होती, आणि हळूहळू भरत चालली होती, वयात येणाऱ्या पोरीसारखी. महाराजांनी ते हेरलं आणि एका रविवारी डोळे मिटून सांगितलं, "घाबरू नका. माउली अंगात उतरतेय. तिचं रूप दिसायला लागलं की समजा, कृपा झाली." लवू श्रीपतीच्या कानाशी लागला. "जरा जास्तच उतरली रे माउली. बनियन शिवून घ्यायला हवा." श्रीपती हसला, पण घरी आल्यावर आरशावर टॉवेल टाकला.

*

कलमांना मोहोर धरला त्या दिवसांत श्रीपतीची पाठ दुखायला लागली. दुखणं मणक्यात, आत, कुणी सळई फिरवावी तसं. रक्त तपासलं तर आकडा पुन्हा वर निघालेला. थोडा नव्हे, चांगलाच. त्याने तो कागद महाराजांपुढे ठेवला. महाराजांनी मांडवाकडे बघितलं, तोरणाकडे बघितलं, मग आवाज चढवला.

"पथ्य मोडलंस."

"नाही महाराज."

"सोमवारी काय खाल्लंस?"

श्रीपतीला आठवलं. शेजारच्या घरून एका सोमवारी बांगड्याचं तिखलं आलं होतं. एकट्या माणसाकडे कुणी वाटीभर कालवण पाठवतं, तेव्हा तो वार बघत नाही. त्याने मान खाली घातली.

"सिग्नल मी कापला होता. तू जोडलास," महाराज म्हणाले. "आता तुझा आवाज विटाळला. गाऱ्हाणं घालायचं नाही. मांडवाबाहेर बसायचं."

दमयंतीताईंनी तोरणातला मधला कागद कात्रीने कापून घेतला. त्यानंतरच्या रविवारी श्रीपती बाहेर एका जांभ्या चिऱ्यावर बसला. आत कुणीतरी दुसरा गाऱ्हाणं घालत होता, अडखळत, शब्द गिळत. तरी मांडव त्याच सुरात होकार भरत होता. त्याच्यावाचून काहीही अडलं नव्हतं. मणक्यातल्या सळईपेक्षा ते जास्त रुतलं. दुखणं परत आलं ते आपल्या एका वाटीभर कालवणाने, हे त्याने खरं मानलं होतं. रात्री कूस बदलताना तो देवाची नव्हे, त्या बांगड्याची क्षमा मागत होता.

लवू तेवढा बाहेर येऊन त्याच्या चिऱ्यावर टेके. "सरक. आत गरम होतंय," एवढंच म्हणे. एका रविवारी तो आला तेव्हा लंगडत होता. डावी पोटरी केळीच्या खुंटासारखी सुजलेली. बसता बसता त्याने छातीला हात लावला, म्हणाला, "श्रीपा, वारा पडला काय रे?" वारा चांगला वाहत होता. लवूला श्वास मिळत नव्हता.

आतून महाराज बाहेर आले. लवूच्या कपाळावर भस्म ओढून म्हणाले, "माउली जवळ घेतेय. हलवू नका कुणी."

मांडव हलला नाही. श्रीपती उठला. विटाळलेलाच होता, त्यामुळे त्याला आणखी काही विटाळायचं भय नव्हतं. त्याने रस्त्यावर उभी असलेली रिक्षा बोलावली, दोघांनी मिळून लवूला आत घातलं, आणि पाठीतली सळई गिळत तो त्याला रत्नागिरीपर्यंत मिठीत धरून बसला.

*

"श्रीपतीकाका, पुढल्या आठवड्यात येतो म्हणाला होतात," डॉक्टर नीरजा म्हणाल्या. त्याच्याकडे बघायला त्यांना सवड झाली तेव्हा लवूच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता आणि छातीचा भाता जरा ठिकाणावर आला होता. "पायात रक्ताची गुठळी झाली होती. तिचा तुकडा फुप्फुसात गेला. वेळेवर आणलंत. हे औषध कसलं घेत होते?"

"औषध नाय. भस्म."

"आणि ही छाती कधीपासून अशी आहे?"

श्रीपतीने आपला शर्ट छातीशी ओढून धरला. डॉक्टर लवूकडून त्याच्याकडे वळल्या. काही क्षण बघितलं आणि दार लोटून घेतलं.

"काका, शर्ट काढा."

त्याने बटणं काढली. इतक्या महिन्यांत त्याच्या छातीकडे कुणी असं बघितलं नव्हतं. त्या बघण्यात भक्ती नव्हती आणि हसूही नव्हतं.

"दुखतं?"

"शर्टाचा काठ लागला तरी."

"भस्म घेणाऱ्यांत आणखी कुणाला असं झालंय?"

"सगळ्यांना. महाराज म्हणतात, माउली उतरते."

डॉक्टर खुर्चीत बसल्या. "तुम्ही दोघांनी कुठे हार्मोनचं इंजेक्शन घेतलंय?"

"नाय. तेच तर नको होतं."

त्यांनी दोघांचंही रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी कागद पुढे ठेवला. दोघांच्याही रक्तात पुरुषी हार्मोन जवळजवळ नव्हतंच. "म्हातारपणाने थोडं उतरतं, इतकं नाही. कुणीतरी ते बंद केलंय. ती पुडी दाखवा."

श्रीपतीला पुड्या अजून मिळत होत्या, आणि एक त्याच्या खिशात होती. मांडवाबाहेर बसायची शिक्षा झाल्यापासून तो ती ताइतासारखी जवळ बाळगत असे. ती देताना हात मागे पुढे झाला. पुडी दिली की बाकडं गेलं, हे त्याला आतून कळत होतं. मग त्याला कॉटवरचा लवू दिसला, मास्कमधून त्याच्याकडेच बघणारा. त्याने पुडी टेबलावर ठेवली.

प्रयोगशाळेचं उत्तर यायला काही आठवडे गेले. तोवर लवूचा पाय उतरला, तो उठून बसायला लागला, आणि श्रीपती रोज सकाळच्या एसटीने येऊन त्याच्या कॉटशी बसू लागला. उत्तर आलं त्या दिवशी डॉक्टरांनी स्टूल ओढून घेतलं.

"राख आहे, साधी शेणीची. आणि तिच्यात स्त्रियांच्या हार्मोनच्या गोळ्या कुटून घातल्यात. स्वस्त, जुन्या."

"बायकांच्या?" लवूने मास्क खाली ओढला. "म्हणून माउली."

"म्हणून माउली. प्रोस्टेटच्या पेशींना वाढ असा निरोप देतं ते पुरुषी हार्मोन. बाहेरून बाईचं हार्मोन घातलं की मेंदूला वाटतं, हार्मोन पुष्कळ झालं. मग तो पुरुषी हार्मोन बनवायचा हुकूमच थांबवतो."

"म्हणजे कलमांच्या आळ्यात औषध घालतो तसं," श्रीपती म्हणाला. "पालवीचा निरोप आतल्या आत बंद, म्हणून मोहोर येतो."

"तसंच. आणि हा काही शोध नाही. पूर्वी डॉक्टरही कॅन्सरला हीच गोळी देत. पण गुठळ्या व्हायच्या, माणसं हृदयाच्या झटक्याने जायची, म्हणून तिची जागा इंजेक्शनांनी घेतली. तुमच्या महाराजांनी ती न सांगता, न तपासता, वाटेल तेवढी चारली."

"मग आकडा उतरला तो खराच?"

"खराच. औषध खरं होतं काका, चमत्कार खोटा होता. ज्या इंजेक्शनाला घाबरून तुम्ही पळालात, तेच काम त्याने तुमच्या पाठीमागून केलं. आणि तुम्हीच सांगितलंत ना, तो काय म्हणायचा? पुरुषार्थाला धक्का न लावता."

मग श्रीपतीने तो प्रश्न विचारला, जो त्याला मोहोरापासून कुरतडत होता.

"पण परत चढला तो माझ्या पथ्यानं ना? सोमवारी बांगडा खाल्ला होता."

डॉक्टर हसल्या नाहीत. "बांगड्याचा काही संबंध नाही. तुमची काहीही चूक नाही."

"मग कशानं?"

"ह्या पेशी बदलतात. आधी त्या हाकेच्या बांधलेल्या असतात. हार्मोनने हाक घातली की वाढायचं, हाक थांबली की गप्प. पीएसएसुद्धा त्या हाकेवरच बनवतात, म्हणून आकडा झटकन पडतो. पण आकडा पडला म्हणजे सगळ्या मेल्या असं नाही. काही कान टवकारून बसतात."

"वाट बघत."

"हो. मग काही जणी कान वाढवतात. एकाच्या जागी ढीगभर. त्यांना एवढीशी कुजबुज पुरते. काहींचा कान असा वाकडा होतो की भलत्याचीच हाक आपली वाटते. काही स्वतःच घरात हाक बनवायला लागतात. आणि शेवटी काहींचा कान असा बिघडतो की तो हाकेसाठी थांबतच नाही. कुणी हाक घालो न घालो, आत आपलं चालूच, वाढ, वाढ, वाढ."

खिडकीबाहेर माडाची झावळी हलत होती. श्रीपती तिच्याकडे बघत म्हणाला, "गाऱ्हाणं घालणारा कुणी नाय. आणि व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा चाललंय."

"अगदी तेच."

"ते मी ऐकलंय," तो म्हणाला. "बाहेर चिऱ्यावर बसून."

पुढे डॉक्टरांनी सांगितलं ते त्याने नीट ऐकलं. त्या पेशींचे कान बुजवणाऱ्या गोळ्या निघाल्यात, त्या देता येतील. पाठीच्या हाडाला किरणांचा शेक देऊन दुखणं उतरवता येईल. कान बुजवूनही न ऐकणाऱ्या पेशी निघाल्या तर आणखी दुसरी औषधं आहेत. समूळ बरं होईल असं त्या म्हणाल्या नाहीत. खोटं बोलल्या नाहीत म्हणून त्याला बरं वाटलं. तक्रार औषध खात्याकडे आणि पोलिसांकडे गेलीच होती. श्रीपतीने एकच मागितलं. "तुमची माणसं येण्याआधी मला एकदा मांडवात जाऊ द्या. पोलिसांनी नेला तर महाराज देव होऊन बसंल. ती माणसं माझा आवाज ओळखतात."

"तुमच्यावरच उलटतील."

"उलटतील," श्रीपती म्हणाला.

*

लवूच्या दुखण्याने मांडवात कुजबूज सुरू झाली होती, त्यामुळे श्रीपती हात जोडून आला तेव्हा महाराजांना बरंच वाटलं.

"लवूसाठी एकदाच गाऱ्हाणं घालू द्या," तो म्हणाला.

"पश्चात्ताप झाला ना? घाल." महाराज मांडवाकडे वळले. "बघा, टॉवरपासून दूर गेलेला परत रेंजमध्ये येतो."

चटईवरच्या बायकांत डॉक्टर नीरजा साधी साडी नेसून बसल्या होत्या. श्रीपती मधोमध उभा राहिला. कमरेवर हात. पाठीत सळई. त्याने बाकड्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं.

"बा म्हाराजा, कातळाच्या राखणदारा."

"व्हय म्हाराजा."

"लवू तांडेल हॉस्पिटलात पडलाय, त्याला तारून ने."

"व्हय म्हाराजा."

"त्याच्या पायात गुठळी झाली ती ह्या भस्मानं झाली."

"व्हय म्हाराजा."

"ह्या राखेत बायकांच्या हार्मोनच्या गोळ्या कुटून घातल्यात."

"व्हय म्हाराजा," मांडव एका सुरात म्हणाला.

आणि मग मांडवाला आपण काय म्हणालो ते ऐकू आलं. शेवटचा होकार हवेत असतानाच माना वळल्या. तोरणातले कागद फडफडत होते, तेवढाच आवाज.

"काय बोललास तू?" एकाने विचारलं.

"मी काय बोललो ते नंतर. तुमी कशाला होकार दिलात ते आधी बघा," श्रीपती म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मी काहीही बोललो असतो तरी तुमी व्हय म्हणाला असता. मीसुद्धा असंच वर्षभर म्हणतोय. आपल्या अंगातल्या त्या पेशीही असंच करतात. हाक काय आहे ते बघत नाहीत, होकार देत सुटतात. त्यालाच कॅन्सर म्हणतात."

त्याने शर्ट काढला आणि तसाच उभा राहिला. "ही माउली नाय. ही गोळी आहे. ज्याला ज्याला छातीत दुखतंय त्यानं हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. पुरुषांचे हात मांडीवर खिळले. मग चटईवरून हौसा उठली, सदू नावाच्या गुहागरच्या म्हाताऱ्याची बायको.

"ह्यांना रातचं कुशीवर वळता येत नाय," ती म्हणाली. "आणि मला सांगतात, कृपा झाली. कृपा झाली तर रडता कशाला?"

सदूने डोळे पुसले आणि हात वर केला. त्याच्या शेजारच्याने केला. मग एकेक हात, लाजत, अर्धा उघडलेला, वर येत गेला.

"हा विटाळलेला माणूस आहे," महाराज ओरडले. "ह्याचा सिग्नल..."

"महाराज," डॉक्टर मागून उठल्या, "राखेच्या पिंपात हात घालून दाखवता? की मी दाखवू?"

दमयंतीताई पिंपापुढे आडव्या झाल्या. पण हौसा तिथे आधीच पोहोचली होती. तिने पिंप कलंडलं. राख कातळावर पसरली, आणि राखेबरोबर तळाशी दडवलेल्या, गोळ्यांच्या फोडलेल्या पट्ट्या खणखणत बाहेर आल्या, चांदीच्या मासोळीसारख्या चकाकत. महाराज मांडवामागच्या आडोशाला गेले. सगळे जातात तसेच, कुणाकडे न बघता. ते परत आले नाहीत. पुढे पोलिसांना ते गणपतीपुळ्याच्या स्टँडवर सापडले. घाटावर कुठेतरी औषधांचं दुकान चालवून बुडवलेला माणूस होता.

पण त्या दिवशी कुणी टाळी वाजवली नाही. काहींनी तोरणातला आपापला कागद सोडवून घेतला आणि छातीशी धरून नेला. एका पेन्शनर मास्तरांनी जाता जाता श्रीपतीला सुनावलं, "खोटा का होईना, आधार होता. तू काय दिलंस त्याच्या बदल्यात?" श्रीपती शर्टाची बटणं लावत राहिला. ऊन उतरलं तेव्हा कातळावर तो, रिकामं बाकडं आणि सुतळी एवढंच उरलं.

संध्याकाळी सानिकाचा फोन आला.

"बाबा, गुडघा?"

"गुडघा नाही, सानू," तो म्हणाला. "प्रोस्टेटचा कॅन्सर आहे." शब्द तेवढाच होता. तोंडातून बाहेर पडल्यावर इतका लहान वाटला.

सानिका म्हणाली, "मी येते."

*

गुरुवारी श्रीपती हॉस्पिटलच्या बाकड्यावर गोळ्यांसाठी बसला. एकटाच. थोड्या वेळाने जिन्यावरून काठीचा आवाज आला. सदू होता, मागे हौसा. तो बसला आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "काय, धार कशी?"

"पागोळी," श्रीपती म्हणाला.

मास्तर आले नाहीत. बरेच आले नाहीत. काही दुसऱ्या कुणा बाबाकडे गेल्याचं कानावर आलं.

मग तो वरच्या मजल्यावर लवूकडे गेला. लवूच्या तोंडावर मास्क नव्हता. खिडकीतून बंदरावरच्या बोटी दिसत होत्या.

"श्रीपा, गाऱ्हाणं घाल. बरेच दिवस ऐकलं नाय."

"कुणाला घालू?"

"तू बघ."

श्रीपती कमरेवर हात ठेवून उभा राहिला. वॉर्डात मोठ्याने बोलायचं नव्हतं, म्हणून हळू आवाजात म्हणाला,

"बा माणसा म्हाराजा. देवाला आज सुट्टी, आज गाऱ्हाणं तुलाच. दुखणं लपवू नको. लपवलेल्या दुखण्यावरच बुवा पोसतो. कुणी जादू दाखवली, तर पुडीत काय आहे ते विचार. आकडा उतरला, तर कशानं उतरला ते विचार. परत चढला, तर स्वतःला पापी म्हणू नको. आणि कुणीही हाक घालो, मी घालो की देव घालो, आधी ऐक, मग विचार कर, मग पटलं तरच होकार दे."

तो थांबला. वर्षानुवर्षांच्या सवयीने कान होकारासाठी पुढे झाले.

लवू काही बोलला नाही. तो खिडकीबाहेर बघत होता. खाली एक बोट सुटली, तिने बंदराचं तोंड ओलांडलं, तरी तो गप्पच. श्रीपतीला वाटलं, झोप लागली असावी.

मग लवूने मान वळवली.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.